विश्वामित्रीच्या फाईलमध्ये माणसाशिवाय कोण आहे? वडोदरा महानगरपालिकेच्या पदाधिकाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
माननीय महापौर, आयुक्त, स्थायी समितीचे अध्यक्ष व सर्व सभासद,
वडोदरा महानगरपालिका

सविनय नमस्कार.

मी या शहरात बरीच वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान शिकवले असून सध्या कारेलीबागेत, म्हणजे विश्वामित्री नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी, निवृत्तीचे दिवस काढते आहे. आपला कारभार गुजरातीत चालतो हे मला ठाऊक आहे आणि या पत्राची गुजराती प्रत मी कचेरीत रीतसर दाखल करणारच आहे. तरीही मूळ पत्र मराठीत लिहिते, कारण ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या बडोद्याला आपले घर मानले, त्या समाजातील वाचकांनीही हा विषय आपला मानावा अशी माझी इच्छा आहे. गणेशोत्सवाच्या परवानगीपुरतेच आम्ही आपल्या दारी येतो असा समज झाला असेल तर तोही दूर व्हावा.

विषय विश्वामित्रीचा आहे, परंतु माझी तक्रार खोदकामाच्या दर्जाविषयी किंवा निविदांविषयी नाही. त्यावर बोलणारे जाणकार शहरात पुष्कळ आहेत. माझे म्हणणे त्या कामामागे जो विचार गृहीत धरला आहे त्याविषयी आहे. नदीसंबंधी आजवर जे प्रस्ताव, आराखडे आणि निवेदने लोकांपुढे आली, त्यांत नदीचे वर्णन दोनच प्रकारे झालेले दिसते. पहिल्या प्रकारात ती पाणी वाहून नेणारा मार्ग असते आणि प्रश्न एवढाच उरतो की सेकंदाला किती पाणी तिच्यातून जाऊ शकेल. दुसऱ्या प्रकारात ती शोभेची जागा असते आणि प्रश्न उरतो तो काठावर किती रुंदीचा फिरण्याचा रस्ता बसेल याचा. दोन्ही प्रश्न आपापल्या जागी योग्यच आहेत. मात्र दोन्हींमध्ये विचारणारा माणूस, ज्याच्यासाठी विचारायचे तोही माणूस आणि उत्तर बरोबर की चूक हे ठरवणाराही माणूसच. नदीची, नदीतल्या जीवांची किंवा तिच्या काठच्या कोतरांची, म्हणजे पाण्याने कापलेल्या घळींची, स्वतःची काही गरज असू शकते, असे गृहीत धरून लिहिलेले पान त्या फायलींत मला आढळले नाही.

ऑगस्ट 2024 च्या पुराबद्दल आधी लिहिते, नाहीतर हे कोरड्या जमिनीवर बसून केलेले चिंतन वाटेल. नदीची धोक्याची पातळी 25 फुटांची. त्या आठवड्यात पाणी 35 फुटांच्याही वर गेले. आमच्या तळमजल्यावरच्या कपाटातील खालच्या दोन फळ्यांवरील पुस्तकांचा लगदा झाला, शेजारच्या वृद्ध जोडप्याला दोरीच्या आधाराने बाहेर काढावे लागले आणि पाणी ओसरल्यावर घरात जो काळा, चिकट गाळ राहिला त्याचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही. तेव्हा शहराला पुरापासून वाचवा असे म्हणणाऱ्यांत मीही आहे. पुढच्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे 2025 साली, शहरातील पात्र रुंद व खोल करण्याचे काम आपण घाईने हाती घेतलेत, त्यामागची निकडही मला समजते.

त्या पुरातलेच एक दृश्य मात्र आपल्यापुढे ठेवायचे आहे. पाणी उतरू लागले तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी, वाहने लावण्याच्या जागेत, एक मगर आढळली. वन खात्याची माणसे आणि काही स्वयंसेवक आले. त्यांनी तिच्या डोळ्यांवर ओले गोणपाट टाकले, तोंड दोरीने बांधले आणि चौघांनी मिळून तिला उचलून गाडीत ठेवले. सगळे काम शांतपणे, सरावाने झाले. गॅलऱ्यांमधून पाहणाऱ्या आम्हा रहिवाशांच्या तोंडी एकच वाक्य होते: ही इकडे आली कशी? पुराच्या पाण्याने भांबावलेली, थकलेली ती मगर आमच्या सोसायटीपेक्षा कितीतरी जुन्या रहिवाशांच्या वंशातली होती. सोसायटी ज्या सखल जागेवर उभी आहे तिथे पूर्वी पावसाळ्यात पाणी पसरत असे, हे जुनी माणसे आजही सांगतात. तरीही ती कशी आली हे आम्ही विचारत होतो आणि आम्ही कसे आलो हे कोणाच्या मनातही येत नव्हते. हा दोष कोणा एका शेजाऱ्याचा नाही; आपण सगळे ज्या विचारात वाढलो तो विचारच असा आहे.

त्या विचाराचा इतिहास थोडक्यात सांगण्याची परवानगी असावी. मनुष्य हेच सर्व वस्तूंचे माप आहे, असे ग्रीक तत्त्वज्ञ प्रोटागोरस याने ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात म्हटले. अठराव्या शतकात इमॅन्युएल कान्टने तीच दिशा अधिक काटेकोर केली: केवळ साधन म्हणून वापरू नये असा प्राणी एकच आणि तो म्हणजे विवेकशील मनुष्य. इमानी कुत्रा म्हातारा झाला म्हणून त्याला गोळी घालणारा धनी कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नाही, तर स्वतःमधली माणुसकी बोथट करतो, असे त्याचे मत होते. आपण कुत्र्याचेही काही देणे लागतो, हे कान्टला मान्य नव्हते. त्याच्याच हयातीत, 1789 साली, इंग्लंडमध्ये जेरेमी बेंथमने वेगळी कसोटी सुचवली. प्राण्याला बुद्धी आहे का यापेक्षा त्याला वेदना होतात का हे विचारा, असे तो म्हणाला. ती कसोटी मान्य होता होता दोन शतके लोटली आणि तरीही ती नदीला लागू पडत नाही, कारण नदीला मज्जातंतू नसतात. एकेका जीवाच्या दुःखापलीकडे जाऊन संपूर्ण प्रवाह, जंगल, पाणथळ यांना स्वतःचे मोल आहे, हा विचार 1973 साली नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी उथळ आणि सखोल असे पर्यावरणवादाचे दोन प्रकार सांगून ठळकपणे मांडला.

मानवकेंद्री विचाराला सरसकट मोडीत काढावे असे मला वाटत नाही आणि बडोद्यात राहून तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. माणूस महत्त्वाचा, प्रत्येक माणूस महत्त्वाचा, हे तत्त्व धर्मसत्ता आणि जातिसत्ता यांच्याविरुद्ध उभे राहिले म्हणूनच 1906 साली सयाजीराव महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1913 साली भीमराव आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. आजव्याचा सयाजी सरोवर तलाव बांधून शहराला नळाचे पाणी मिळाले तेही मानवकेंद्री कामच होते आणि त्यामुळे किती घरांतून पटकी दूर राहिली असेल याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. ज्या विचाराने इतके दिले, त्याची मर्यादा कुठे लागते हे पाहणे त्याच्याच वारसदारांचे काम आहे.

इथे आपल्यातील काही जण म्हणतील की मानवकेंद्री दृष्टी ही पाश्चात्त्यांची. आपण तर नदीला माता मानतो. हे उत्तर मला पटत नाही. ज्या नद्यांची आपण आरती करतो त्यांच्यातच सांडपाणी सोडतो आणि या दोन गोष्टी एकाच घाटावर, एकाच संध्याकाळी, कोणालाही न खुपता घडतात. असे का व्हावे? माझ्या मते मातृत्वाच्या या कल्पनेतच उत्तर आहे. आई म्हटले की तिने द्यायचे, पोटात घालायचे आणि आपण घेत राहायचे. आईची स्वतःची काही गरज असते, तिची सहनशीलता संपू शकते, हे आपल्या घरांतूनही फारसे कोणी विचारात घेत नाही, तिथे नदीचे काय? भक्ती असली तरी माप माणसाचेच राहते. म्हणून विश्वामित्रीला साडी नेसवण्याचे किंवा तिच्या आरतीचे कार्यक्रम योजून हा प्रश्न सुटेल असे कृपया समजू नये.

नदीची गरज म्हणजे नेमके काय? विश्वामित्री पावागढच्या परिसरात उगम पावते, शहरातून वळसे घेत जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंभातच्या आखातापर्यंत पोचते. तिचे पात्र म्हणजे उन्हाळ्यात जिथे पाणी दिसते तेवढीच रेघ नव्हे. दोन्ही बाजूंची कोतरे, सखल पाणथळी, येऊन मिळणारे भूखीसारखे कांस, म्हणजे पावसाचे पाणी वाहून नेणारे नाले, हे सगळे मिळून नदी होते. पावसाळ्यात हीच जागा जास्तीचे पाणी थोपवून धरते आणि सावकाश सोडते. कोतर भरून प्लॉट पाडला की तितके पाणी दुसरीकडे जागा शोधते आणि ती जागा बहुधा कोणाचे तरी स्वयंपाकघर असते. आपण कांसांवर स्लॅब टाकून वर वाहनतळ किंवा बाजार केला की नकाशावरून कांस जातो; पाणी मात्र जात नाही.

याच काठांच्या मातीत मगरी बिळे करतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी काठावर खड्डा करून अंडी घालते, ती मातीने झाकते आणि आसपास राहते. पावसाळा तोंडावर आला की आतल्या पिल्लांचा आवाज ऐकून ती खड्डा उकरते आणि पिल्लांना जबड्यात अलगद धरून पाण्यात सोडते. काठावर मऊ पाठीची कासवेही अंडी घालतात. आता आपले वेळापत्रक पाहा. नदीतील यंत्रांचे काम पाऊस नसताना, म्हणजे हिवाळा संपल्यापासून जूनपर्यंत चालते. इंजिनिअरच्या दृष्टीने हा मोकळा हंगाम. मगरीच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत नाजूक काळ. 2025 च्या आरंभी झालेल्या गणनेत या नदीत चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. त्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे वाघाच्याच दर्जाच्या संरक्षणाला पात्र असलेल्या प्राण्यांपैकी आहेत. दाट वस्तीच्या शहराच्या मधोमध इतक्या मगरी राहतात अशी उदाहरणे जगात फार नाहीत. असे असता कामाचे वेळापत्रक आखताना मगरीचा हंगाम हा पहिला विचार असायला हवा होता. तो नंतर घ्यायच्या खबरदारीत गणला जातो. मगर वाईट वाटून घेत नाही, तक्रारही दाखल करत नाही, म्हणून हे चालून जाते.

कायद्याने यावर काय म्हटले आहे, तेही आपणांस माहीत असेलच. गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे हलवावेत, हा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये स्पष्ट केले की असा निर्णय मानवकेंद्री दृष्टीने नव्हे तर निसर्गकेंद्री दृष्टीने व्हावा आणि त्या प्रजातीचे हित ही कसोटी असावी. न्यायालयाने तत्त्वज्ञानाची परिभाषा इतक्या उघडपणे वापरल्याचे पाहून मी तेव्हा वर्गात तो निकाल वाचून दाखवला होता. पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे: सिंह अद्याप गुजरातेतच आहेत आणि कुनोत 2022 साली नामिबियाहून चित्ते आले. सिंह हा राज्याचा अभिमान ठरला की त्याचे हितसुद्धा आपल्या अभिमानाच्या मापाने मोजले जाते.

दुसरे उदाहरण नद्यांचेच आहे. मार्च 2017 मध्ये न्यूझीलंडच्या संसदेने वांगानुई नदीला कायदेशीर व्यक्तित्व दिले आणि त्याच महिन्यात उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना तसाच दर्जा दिला. तिकडे नदीच्या वतीने बोलायला दोन माणसे नेमण्यात आली, एक काठावरच्या माओरी समाजाने सुचवलेला आणि दुसरा सरकारने. इकडे राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै 2017 मध्ये त्या निकालाला स्थगिती मिळाली. नदीला पूर येऊन नुकसान झाले तर भरपाईचा दावा कोणावर लावायचा, ही एक अडचण सांगण्यात आली होती. बडोदेकरांना यावर हसू येईल. विश्वामित्रीवर दावा लावायची वेळ आली, तर तिच्या कोतरांत बांधकामाला परवानगी कोणी दिली हे तिचा वकील पहिल्याच तारखेला विचारील.

एवढे वाचून कोणी असा अर्थ काढू नये की माणसाला उठवून त्याच्या जागी मगरीला बसवा असे मी म्हणते आहे. या नदीत मगरींनी माणसांचे बळी घेतलेले आहेत आणि ते बहुधा खालच्या अंगाच्या गावांतले, कपडे धुवायला किंवा गुरांना पाणी पाजायला उतरलेले लोक असतात. ज्याच्या घरी नळ आहे त्याला मगर पुलावरून दिसते. ज्याच्या घरी नाही त्याला ती हाताच्या अंतरावर भेटते. अशा बाईला निसर्गाच्या स्वतःच्या मोलावर प्रवचन देण्याचा अधिकार मला नाही. तिला नळ मिळावा, गुरांसाठी काठापासून दूर हौद मिळावा, उतरायच्या जागी पाण्यात भक्कम जाळीचे कुंपण मिळावे, या मागण्या नदीच्या बाजूने विचार करणाऱ्यांनीच सर्वांत आधी केल्या पाहिजेत.

याचीच दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी 1989 साली सखोल, म्हणजे निसर्गाला स्वतःचे मोल मानणाऱ्या, पर्यावरणवादावर टीका करताना दाखवून दिले की अमेरिकेतला निर्मनुष्य अरण्याचा आदर्श भारतासारख्या देशात जसाच्या तसा आणला, तर त्याची किंमत गरीब शेतकरी आणि आदिवासी मोजतात. ही टीका मला बडोद्याच्या संदर्भात वारंवार आठवते. नदी मोकळी करा, अशी घोषणा झाली की सर्वांत आधी काठावरच्या झोपड्या जातात. त्या माणसांना शहराच्या दुसऱ्या टोकाला धाडले जाते, त्यांची कामे सुटतात, मुलांच्या शाळा सुटतात. आणि त्याच पूररेषेत भराव घालून उभ्या राहिलेल्या बहुमजली इमारतींच्या कागदपत्रांत मात्र कसलीच उणीव सापडत नाही. निसर्गाचे नाव घेऊन होणारा हा न्याय मला मान्य नाही. आपण ज्याला मानवकेंद्री म्हणतो तो कारभारही प्रत्यक्षात सर्व माणसांना केंद्रस्थानी ठेवत नाही. ज्यांच्याकडे सातबारा, वकील आणि ओळख आहे त्यांच्याभोवतीच तो फिरतो. मगर आणि झोपडीतला माणूस, दोघांचीही गणना त्यात अडथळा म्हणून होते. म्हणून या दोघांची बाजू एकत्र मांडणे मला विसंगत वाटत नाही.

आता मागणीकडे येते. नदीला कायदेशीर व्यक्ती घोषित करण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तशी घोषणा करून काय होते हेही आपण पाहिले. मी मागते ते आपल्या अधिकारातले आहे. विश्वामित्री, तिचे कांस आणि शहरातील तलाव यांच्याशी संबंधित प्रत्येक प्रस्तावाचे पहिले पान, नकाशा आखण्यापूर्वी, नदीच्या गरजेविषयी लिहिलेले असावे: पाणी पसरायला किती जागा लागते, काठाची कोणती माती हलवता कामा नये, कोणत्या महिन्यांत यंत्र उतरता कामा नये, काठावर आज कोण माणसे राहतात आणि त्यांचे काय होणार आहे. हे पान सल्लागार कंपनीने लिहू नये. वन खाते, महाराजा सयाजीराव विद्यापीठातील वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राचे अध्यापक, मगरी पकडणारे स्वयंसेवक आणि काठावर गुरे राखणारे भरवाड यांच्याकडून ते लिहून घ्यावे. शेवटच्या गटाला आपण सहसा बोलावत नाही, पण पाणी आधी कुठे चढते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. आणि त्या पानात बसत नाही असे काम पुढे सरकवायचे असेल, तर ते का सरकवले याचे कारण सभेच्या इतिवृत्तात, नावानिशी, नोंदवले जावे. एवढ्या एका अटीने बरेच काही बदलेल असे मला वाटते, कारण आज नदीचे नुकसान करणारा निर्णय कोणाचाच नसतो. तो फाईलमधून आपोआप उगवतो.

राष्ट्रीय हरित लवादाने मे 2021 च्या आदेशात नदीचे क्षेत्र, पूरमैदान आणि कोतरे निश्चित करून त्यांचे रक्षण करण्यास सांगितलेलेच आहे. त्यानुसार आखलेल्या सीमांचा नकाशा, 2024 मध्ये पाणी जिथवर पोचले त्या रेषेसह, प्रत्येक वॉर्ड कार्यालयाच्या भिंतीवर गुजरातीत लावावा, म्हणजे घर घेणाऱ्याला आपण कोणाच्या जागेत घर घेतो आहोत हे सही करण्यापूर्वी कळेल. बिल्डर मंडळी नाराज होतील. ती नाराजी सोसण्यासाठीच आम्ही आपणांस निवडून देतो.

स्थायी समितीत नदीविषयक विषय निघेल तेव्हा नदीच्या बाजूने बोलणारी एक व्यक्ती, मताचा अधिकार नसला तरी, हजर असावी आणि तिचे म्हणणे नोंदले जावे, अशीही विनंती आहे. मतदार नसलेल्यांचे प्रतिनिधित्व ही कल्पना आपणांस विचित्र वाटू शकेल. अल्पवयीन मुलांच्या वतीने पालक उभे राहतात, देवस्थानच्या जमिनीसाठी मूर्तीच्या नावाने खटले चालतात आणि ते आपल्याला विचित्र वाटत नाहीत. जो बोलू शकत नाही त्याचेही हित असू शकते आणि ते कोणीतरी मांडावे लागते, हे आपल्या न्यायव्यवस्थेने फार पूर्वीच मान्य केले आहे.

पुढील अर्थसंकल्प सभेपुढे येईल तेव्हा नदीच्या कामांसाठी पुन्हा मोठी तरतूद असेल. वर सांगितलेल्या पहिल्या पानाचा नमुना मी आणि माझ्या काही जुन्या विद्यार्थ्यांनी, ज्यांत एक स्थापत्य अभियंता आणि एक प्राणिशास्त्राची अध्यापिका आहे, भूखी कांसापुरता तयार करायला घेतला आहे. अर्थसंकल्पाच्या चर्चेआधी तो आपल्या कचेरीत पोचवू. आपण तो नाकारलात तरी चालेल, फक्त नाकारण्याचे कारण लेखी द्यावे. गुजराती, मराठी वा इंग्रजी, कोणत्याही भाषेत.

आपली नम्र,
तत्त्वज्ञानाची एक निवृत्त अध्यापिका
कारेलीबाग, वडोदरा